खिळे सोडवणारी

फोरमनचा आवाज गेला तो एका मंगळवारी, सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, आणि रीतसर सूचना देऊन गेला. घशातली गाठ काढायची तर स्वरयंत्रही काढावं लागेल, माणूस जगेल पण बोलणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. फोरमनने विचार करायला एक दिवस मागून घेतला आणि त्या एका दिवसात तो इतकं बोलला, की शेजारच्या कॉटवरच्या पेशंटने नर्सकडे तक्रार केली. आयुष्यभर त्याच्या तोंडाचा पट्टा ऐकत आलेली त्याची बायको पायथ्याशी बसली होती. ती त्या पेशंटला म्हणाली, "बोलू द्या हो त्यांना. उद्यापासून शांतताच आहे."

ही शांतता आपल्याही वाट्याला आली आहे, हे तिला घरी आल्यावर कळलं.

दोघांनी उभं आयुष्य एका छापखान्यात काढलं होतं. शिशाचे खिळे जुळवून पुस्तकं छापायचे दिवस होते ते. एकेका अक्षराचा एकेक खिळा, असे खिळे ओळीने मांडत गेलं की पान तयार. तो खिळे जुळवायचा. पुढे जुळाऱ्यांचा फोरमन झाला, आणि छापखाना बंद पडून इतकी वर्षं झाली तरी गल्लीत फोरमनच राहिला. ती खिळे सोडवायची. म्हणजे पान छापून झालं की ते मोडायचं आणि प्रत्येक खिळा ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचा. खण साडेतीनशेच्या वर. बाकीच्या बायका एकेक खिळा उचलून त्याच्याकडे बघत बसायच्या. ही चिमटीत अख्खी ओळ उचलायची, आणि हात फिरेल तिथे टपटप खिळे पडत जायचे. म्हणून तिचं नाव पडलं चिमटी.

हात चालू असला की ती गुणगुणायची. गाणं असं कुठलं नाही आणि सूर तर त्याहून नाही. "बेसूर!" फोरमन पलीकडून ओरडायचा, "अगं, शिसं वितळेल!" चाळीस वर्षं तो हे ओरडत आला, आधी छापखान्यात आणि मग घरात, आणि चाळीस वर्षं तिने ते मनावर घेतलं नाही. ऑपरेशननंतर मात्र तिने तोंड मिटलं. ज्याच्या गळ्यातून श्वासाशिवाय काही बाहेर पडत नाही त्याच्यासमोर गुणगुणणं तिला बरं वाटेना. हे ती कुणाला बोलली नाही, आपली आपण गप्प झाली.

आणि या चिमटीला वाचता येत नव्हतं.

खोटं वाटेल, पण छापखान्याची रीतच तशी होती. सोडवायच्या कामाला मालकाला वाचणारी माणसं नको असत. वाचता येणारा मोडायच्या पानात गुंततो, पुढे काय झालं म्हणून ओळ संपेपर्यंत रेंगाळतो, आणि तेवढ्यात न वाचता येणारा चार ओळी सोडवून मोकळा होतो. चिमटीला कामावर घेताना मालकाने एकच प्रश्न विचारला होता, "वाचता येतं का?" ती मान खाली घालून "नाही" म्हणाली. मालक म्हणाला, "छान. उद्यापासून ये." लग्न ठरलं तेव्हा फोरमनने तिला वाचायला शिकवायचं कबूल केलं होतं. मग शिकली तर काम जाईल म्हणून ते राहिलं, मग मुलगा झाला म्हणून राहिलं, आणि मग नुसतंच राहिलं. लाखो अक्षरं बोटांखालून गेली आणि बाई अक्षरशत्रू त्या अक्षरशत्रूच.

मुलगा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होता, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. त्याने बापाला एक नवा फोन आणून दिला. त्यात लिहावं आणि फोनने ते बोलून दाखवावं, अशी सोय होती. फोरमनने लिहिलं, आणि एका तरुण बाईच्या गोड आवाजात "चहा कडक कर" असं ऐकू आलं. चिमटीने दचकून मागे पाहिलं. फोरमनने फोन मुलाच्या हातात ठेवला आणि पाटी मागवली. पाटीवरचं पहिलं वाक्य सुनेने वाचून दाखवलं, "परक्या बाईच्या तोंडून मी माझ्या बायकोशी बोलणार नाही." तेही बाईच्याच तोंडून बोललं गेलं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

सून औषधांच्या दुकानात कामाला होती. डॉक्टरांची अक्षरं लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, त्यामुळे सासऱ्याची पाटी म्हणजे तिला डाव्या हातचा मळ. पण ती सकाळी नऊला जायची ती संध्याकाळी सहाला यायची. मधले नऊ तास घरात दोघेच. तो हातवारे करायचा, ती अंदाज बांधायची. तो खिडकी उघड म्हणायचा, ती पडदा ओढायची. उशी मागितली की पाण्याचा तांब्या यायचा. ओठांवरून काही कळावं, तर भरघोस मिशी आडवी. सहा वाजता सून आली की दिवसभराच्या शिळ्या तक्रारी पाटीवरून वाचल्या जायच्या, आणि चिमटी कपाळाला हात लावून म्हणायची, "अहो, तेव्हाच नाही का सांगायचं!"

हेही चाललं असतं. माणूस कशालाही सरावतो. पण रोज दुपारी चहा झाला की फोरमन खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पाटीवर एकच ओळ लिहायचा. लिहून चिमटीकडे बघायचा, बराच वेळ बघत राहायचा, आणि मग तळहाताने ती पुसून टाकायचा. रोज. सून यायच्या आत. चिमटीने एक-दोनदा पाटी मागितली, तर त्याने मान हलवून ती छातीशी धरली.

"तू विचार ना त्यांना, दुपारी काय लिहितात ते," तिने सुनेला गळ घातली.

सुनेने विचारलं. फोरमनने उत्तर लिहिलं. सूनबाई हसून म्हणाल्या, "काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे 'काही नाही' असं लिहिलंय, आई."

चिमटीला त्या रात्री जेवण गेलं नाही. माझ्याकडे बघून लिहितो म्हणजे मलाच लिहितो, आणि मला वाचता येत नाही म्हणून पुसतो. चाळीस वर्षं ज्याचं बोलणं थांबता थांबलं नाही, त्याला अजून काहीतरी सांगायचं आहे आणि ते आपल्या नाकासमोर रोज मरतंय. तिला ते सहन होईना. सकाळी सून डबा भरत असताना ती तिच्यापाशी जाऊन उभी राहिली. "मला वाचायला शिकव," ती म्हणाली. "हसलीस तर बघ."

सून हसली नाही. पोरगी मोठी गुणाची. संध्याकाळी येताना ती चित्रांचं पुस्तक आणि पेन्सिलींचा खोका घेऊन आली.

पण तीन आठवडे झाले तरी गाडं पुढे सरकेना. चिमटीचं डोकं चालत नव्हतं असं नाही. गल्लीतल्या दोनशे माणसांची तोंडं ती एका नजरेत ध्यानात ठेवायची. पण पुस्तकातली अक्षरं काल ओळखीची झालेली आज अनोळखी वाटायची. सून म्हणायची, "आई, हे बघा, याला इथे गाठ आहे, याला नाही." चिमटी बघायची, आणि तिला उगाच वाटायचं की यांना आपण कुठेतरी पाहिलंय. वाटेत जुना ओळखीचा दिसावा आणि त्याने तोंड फिरवावं, तशी चुटपुट लागायची. फोरमन खुर्चीतून सगळं बघायचा, आणि एकदा तर खांदे हलवून हसलासुद्धा. चिमटीने पुस्तक मिटलं. "राहू दे बाई," ती सुनेला म्हणाली, "माझी पाटी कोरीच जायची." आणि मोरीत जाऊन भांडी आपटत रडली.

सुनेने तरी जिद्द सोडली नाही. रविवारी ती दुकानातला औषधं गुंडाळायचा पातळ कागद घेऊन आली, आणि जाड शाईच्या पेनाने त्यावर हाताएवढी अक्षरं काढली. तासभर दोघींनी डोकं फोडलं. मग सून आंघोळीला गेली आणि चिमटी पसारा आवरू लागली. कागद वाया घालवायचा नाही ही छापखान्याची सवय. मागची बाजू कोरी आहे का, हे बघायला तिने कागद खालच्या टोकाने धरून वर उलटला आणि खिडकीसमोर धरला. शाई आरपार उतरली होती. अक्षरं मागून दिसत होती, पाय वर आणि डोक्यावरची रेघ खाली.

चिमटी जागच्या जागी थिजली.

"अगं ए!" तिने इतक्या जोरात हाक मारली की सून ओल्या केसांनी धावत आली. "ही माझी माणसं आहेत! हा बघ, दुसऱ्या रांगेतला, डाव्या हाताचा तिसरा खण. हा कोपऱ्यातला. आणि हा मेला सारखा लागायचा, याचा खण सगळ्यांत मोठा होता. यांना उलटं कुणी केलं?"

सुनेला काही उमजेना, पण खुर्चीतल्या फोरमनने कपाळावर असा हात मारून घेतला की आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. त्याने पाटी ओढली आणि भराभरा लिहिलं, सून वाचत गेली. "कागदावर सुलट उमटायचं म्हणून खिळ्यावर अक्षर उलटं असतं. खिळा हातात धरतो तो रेघ खाली करून. तिने आयुष्यभर अक्षरं डोक्यावर उभी पाहिली. छापलेला कागद तिने कधी बघितलाच नाही, तिला त्याचा उपयोग काय?" मग थोडं थांबून त्याने आणखी लिहिलं, "मला दोन्हीकडून वाचता येतं, म्हणून माझ्या डोक्यात आलं नाही. गाढव मी."

"हे शेवटचं पुन्हा वाच," चिमटी म्हणाली.

फोरमन त्याच दुपारी पलंगाखाली शिरला आणि पत्र्याची एक पेटी ओढून बाहेर आला. छापखाना मोडीत निघाला तेव्हा खिळे वितळवायला गेले होते. निघताना त्याने प्रत्येक खणातले चिमूटभर खिळे उचलून आणले होते. इतकी वर्षं कुणाला बोलला नव्हता. चिमटीने पेटीत हात घातला आणि तिची बोटं आपोआप चालू लागली. अर्ध्या तासात तिने सगळे खिळे टेबलावर लावून दाखवले, एकही चुकला नाही. चेहरे सगळे पाठ होते. फक्त कुणाचं नाव काय, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

नावं सांगायची तर सांगणाऱ्याला आवाज हवा. आवाज होता सुनेला, आणि ती घरात संध्याकाळीच. पण फोरमनला आता दम धरवेना. दुसऱ्या दिवशी सून कामावर गेल्यावर तो आरशासमोर उभा राहिला आणि चाळीस वर्षं जपलेली मिशी त्याने साफ उतरवली. चिमटी चहा घेऊन आली आणि तिच्या हातून कप पडता पडता राहिला. "अग्गबाई," ती म्हणाली, "एवढासा ओठ होता होय खाली?" फोरमनने तिला समोर बसवलं, एक खिळा तिच्या तळहातावर ठेवला, ओठ मिटून उघडले आणि भिंतीकडे बोट केलं.

"भिंत," चिमटी म्हणाली. "भ?"

त्याने टाळी वाजवली.

मग घड्याळ झालं, खिडकी झाली, चमचा झाला, चप्पल झाली. काही अक्षरांना घरात वस्तूच सापडेना, तेव्हा फोरमन छाती पुढे काढून चालून दाखवायचा, लंगडून दाखवायचा, एकदा तर झोपून घोरायचं सोंगही केलं, आणि आवाज नसलेलं ते घोरणं बघून चिमटी हसून हसून आडवी झाली. चुकलं की संध्याकाळी सून दुरुस्त करायची. असा मुका मास्तर आणि सत्तरीला टेकलेली विद्यार्थिनी, पण शाळा जोरात चालली.

मधेच एका संध्याकाळी फोरमनने पाटी सुनेकडे दिली आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिला. सुनेने वाचलं, "लग्नाच्या वेळी शब्द दिला होता. पाळला नाही. मनाला लागून राहिलंय."

चिमटी खिळे निवडत होती. तिचे हात थांबले. "मलाही लागून राहिलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही सगळ्या जगाची पुस्तकं जुळवलीत, आणि मी दुकानावरची पाटी वाचता येईना म्हणून चष्मा विसरल्याचं सोंग करायची. वाईट वाटायचं मला. फार वाईट वाटायचं." फोरमनने मान खाली घातली. मग तिने पुढचा खिळा त्याच्यासमोर सरकवला. "चला, आता याचं नाव सांगा. वेळ कशाला घालवताय?"

महिन्याभरात तिला खिळ्यांची ओळ वाचता येऊ लागली. पण जग काही डोक्यावर उभं नव्हतं. सुनेने युक्ती काढली. एक छोटा आरसा घ्यायचा आणि लिहिलेल्याच्या खालच्या कडेला आडवा धरायचा. पाण्यात झाड दिसावं तशी आरशात अक्षरं उलटी व्हायची आणि चिमटीला सुलटी लागायची. ती आरसा पिशवीत टाकून बाजारात जायची, दुकानासमोर उभी राहून तो हनुवटीपाशी आडवा धरायची, आणि पाटीवरचं एकेक अक्षर मोठ्याने लावायची. गल्लीत बोभाटा झाला की फोरमनची बायको म्हातारपणी नटायला लागली. तिने कानावर घेतलं नाही. आरसा कधी सुटणार, याची चिंता मात्र तिला होती. आरशाविना अक्षर समोर आलं की तिला ते मनातल्या मनात उचलून डोक्यावर उभं करावं लागायचं, आणि दोन-तीन अक्षरांतच दम लागायचा.

आणि दुपारची ती ओळ अजून चालूच होती. उलट आता फोरमन जास्त सावध झाला होता. लिहायचा, तिच्याकडे बघायचा, आणि ती आरशासाठी हात पुढे करते न करते तोच पुसून मोकळा व्हायचा. आता तर वाचता येतंय, मग आता का पुसतो? चिमटीच्या मनात नाही नाही ते यायला लागलं. दुखतंय का कुठे? डॉक्टर काही बोलले आणि आपल्यापासून लपवलं? ती विचारायची आणि तो हात हलवून "काही नाही" म्हणायचा. एवढे दोन शब्द तिला आता ओठांवरून पाठ झाले होते.

त्या दिवशी चहाचे कप उचलायला म्हणून ती खुर्चीपाशी गेली. त्याची ओळ लिहून झाली होती आणि तळहात पाटीकडे निघाला होता. चिमटीने त्याचं मनगट धरलं. साडेतीनशे खणांत आयुष्यभर फिरलेली ती बोटं, त्यांच्या पकडीतून सुटणं सोपं नव्हतं. फोरमनने ओढून पाहिलं, मग दुसऱ्या हाताने पाटी उलटी करू पाहिली. तिने पाटीवर कोपर रोवलं.

"हलायचं नाही," ती म्हणाली.

आरसा स्वयंपाकघरात होता. आणायला गेलं तर हा पुसणार. सून यायला दोन तास. चिमटीने पाटीकडे पाहिलं. अक्षरं पायांवर उभी होती, तिच्याकडे तोंड फिरवून. तिने पहिलं उचललं, मनात डोक्यावर उभं केलं, चेहरा पाहिला. ओळखलं. दुसऱ्या रांगेतला. त्याच्या पायाशी वळण होतं, तेही ओळखलं. "गु," ती म्हणाली. मग पुढचं. "ण." फोरमनने डोळे मिटून घेतले. पुन्हा तीच दोन आली, आणि ती तिला ओळखीची माणसं गर्दीत भेटावी तशी पटकन भेटली. घाम फुटला, पण तिने मनगट सोडलं नाही. किती वेळ गेला कोण जाणे. एका अक्षरापाशी तर ती इतकी अडली की बाहेर भाजीवाला येऊन, ओरडून, निघून गेला. शेवटी तिने सगळी ओळ एका दमात म्हटली.

"गुणगुण ना. घर मुकं झालंय."

चिमटीने त्याचं मनगट सोडलं. पुसायला आता तो मोकळा होता, पण त्याने पुसलं नाही. मान खाली घालून तो आपले खडूने पांढरे झालेले हात बघत राहिला. तिला सगळं एकदम कळलं. चाळीस वर्षं ज्याला बेसूर म्हटलं तेच मागायचं, आणि तेही सुनेच्या तोंडून, तर कुठल्या तोंडाने मागायचं? म्हणून बिचारा रोज लिहायचा आणि रोज पुसायचा. आणि आपण त्याला वाईट वाटू नये म्हणून गप्प.

"एवढंच?" ती म्हणाली. "अहो, एवढ्यासाठी मला म्हातारपणी शाळेत घातलंत?"

ती समोर बसली, खिळ्यांची पेटी मांडीवर ओढली आणि गुणगुणायचा प्रयत्न केला. आधी आवाजच फुटेना. मग फुटला तो गंजलेल्या बिजागरीसारखा. पण बोटं खिळ्यांत फिरू लागली तसा तोही चालू लागला, कुठलं गाणं नाही, कुठला सूर नाही, जसा होता तसाच. फोरमन खुर्चीत मागे रेलला. त्याच्या बिनमिशीच्या ओठांच्या कडेला पाणी ओघळून आलं, आणि ते त्याने पुसलं नाही.

थोड्या वेळाने त्याने पाटी पुसली आणि एकच शब्द लिहून तिच्यासमोर धरली. चिमटीने आरशाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बेसूर," तिने वाचलं, एका झटक्यात. "गप्प बसा हो!" आणि आपण कुणाला काय बोललो हे कळून तिने जीभ चावली. फोरमनचे खांदे गदागदा हलत होते.

सहा वाजता सूनबाई जिना चढत होत्या. अर्ध्यातच त्या थांबल्या. वरून आवाज येत होता, लग्न होऊन घरात आल्यापासून रोज ऐकलेला आणि चार महिने बंद पडलेला. त्या दबक्या पावलांनी आत आल्या. सासरे खुर्चीत डुलक्या घेत होते आणि पाटी त्यांच्या मांडीवर तशीच होती. सूनबाईंनी ती वाचली.

"आई, हे काय? कोण बेसूर?"

"मी," चिमटी म्हणाली. तिने मान ताठ केली. "मीच वाचलं ते. आरशाशिवाय."